ब्रह्मगिरीच्या कुशीतला थोरला भाऊ : श्रीनिवृत्तिनाथ

पौष वद्य एकादशी समीप आली, की नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारी वाट पहाटेच्या धुक्यातच जागी होते. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव आदी जिल्ह्यांतील गावोगावच्या दिंड्या कडाक्याच्या थंडीची तमा न बाळगता ब्रह्मगिरीच्या दिशेने चालू लागतात. खांद्यावर भगवी पताका, डोईवर तुळशीवृंदावन, गळ्यात टाळ आणि मुखी ज्ञानोबा-तुकारामांचा गजर. एरवी वर्षभर या क्षेत्री भाविक येतात ते ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आणि कुशावर्ताच्या स्नानाला. या एकादशीला येणारा वारकरी मात्र आपल्या माउलीच्या थोरल्या भावाला भेटावयास येतो. त्र्यंबकराजाला तो दंडवत घालतो, गोदावरीला वंदन करतो. परंतु त्याचा जीव गुंतलेला असतो तो श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधीपाशी.

हा डोंगर पुरातन आहे. गौतम ऋषींचे तप, गंगेचे अवतरण, शंकराची जटा या पुराणकथांनी तो पावन झालेला आहे. तथापि वारकऱ्याला हा डोंगर जवळचा वाटतो तो एका घरगुती, साध्या आठवणीमुळे. येथे एका रात्री आईबापांबरोबर प्रदक्षिणेस निघालेला एक मुलगा चुकला होता. त्या मुलाचे चरित्र आजच्या पुण्यपर्वावर स्मरावे, आणि एका कुटुंबाची आठवण सबंध क्षेत्राला आपलेसे कसे करून सोडते याचेही मनन करावे, असे आम्हांस वाटते.

गोदाकाठचे घराणे

निवृत्तिनाथांचे घराणे मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे. घरी कुलकर्णीपण होते. आपेगाव गोदावरीच्या तीरावर वसलेले आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरीच पुढे या गावच्या अंगणातून वाहते. निवृत्तिनाथांच्या पणजोबांचे नावही त्र्यंबकपंत. या घराण्यावर नाथपंथीयांची कृपादृष्टी पूर्वीपासून होती, असे परंपरा सांगते. आजोबा गोविंदपंत, आजी निराबाई आणि वडील विठ्ठलपंत. विठ्ठलपंत मनाने पहिल्यापासूनच विरक्त. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले, तेथील सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. पण प्रपंचात त्यांचे मन रमले नाही. काशीस जाऊन त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांच्या गुरूंची स्वारी आळंदीस आली असता रुक्मिणीमातेने केलेल्या नमस्काराला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि ही तर आपल्याच शिष्याची पत्नी असे कळताच विठ्ठलपंतांना पुन्हा गृहस्थाश्रमात धाडले, ही कथा आमच्या वाचकांना ठाऊक आहेच.

गुरूंची आज्ञा विठ्ठलपंतांनी शिरसावंद्य मानली. समाजाने मात्र त्यांना क्षमा केली नाही. संन्यासी पुन्हा संसारी झाला म्हणून घर वाळीत पडले. त्याच घरात शके ११९५ मध्ये, म्हणजे इ. स. १२७३ साली, निवृत्तिनाथांचा जन्म झाला. त्यांच्या पाठोपाठ दोन-दोन वर्षांच्या अंतराने ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही भावंडे आली. या जन्मशकांविषयी दुसरीही एक गणना आहे. आम्ही येथे अधिक रूढ असलेली स्वीकारली आहे.

वाळीत पडलेल्या घरातले थोरलेपण काय असते, याची कल्पना ज्याची त्यानेच करावी. गावातील पोरे खेळावयास घेत नाहीत, शेजारी घरात येत नाहीत, आणि आपले काय चुकले हे धाकट्यांना सांगावे तर ते आपल्यालाही उमगलेले नाही. मुलांच्या मुंजीचे वय झाले, पण ब्रह्मवृंद अनुमती देईना. तेव्हा मुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी जावे, अनुष्ठान करावे, ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालाव्यात, असा विठ्ठलपंतांनी निश्चय केला. गोदेच्या काठचे हे दुःखी कुटुंब गोदेच्या उगमाकडे निघाले ते असे.

ती एक रात्र

आज दिसणारे काळ्या पाषाणाचे भव्य त्र्यंबकेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले आणि इ. स. १७८६ मध्ये ते पूर्ण झाले. विठ्ठलपंत आले तेव्हा, म्हणजे त्याच्या पाचशे वर्षे आधी, ही वास्तू नव्हती. डोंगर मात्र तोच होता. सुमारे तेराशे मीटर उंचीचा, माथ्यावर कातळ आणि अंगावर घनदाट रान वागवणारा. आज श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सहस्रावधी लोक एकमेकांच्या सोबतीने सुमारे वीस किलोमीटरांची फेरी घालतात. त्या काळी ती वाट श्वापदांची होती.

परंपरा सांगते ती कथा अशी. कुशावर्तावर स्नान करून हे कुटुंब मध्यरात्री प्रदक्षिणेस निघत असे. पुढे विठ्ठलपंत, मागे मुलांना सांभाळीत रुक्मिणीमाता. एके रात्री अकस्मात वाघ समोर आला. सर्वांची दाणादाण उडाली. आईवडिलांनी धाकट्यांना कवटाळून कसेबसे सुरक्षित स्थळ गाठले आणि मोजून पाहतात तो निवृत्ती नाही! हाका मारल्या, शोध केला, परंतु थोरला सापडला नाही. वाघाने नेला असावा, असेच त्या मातेच्या मनाने घेतले असेल. समाजाने सर्व काही हिरावून घेतलेल्या त्या घरातून आता पोटचा गोळाही गेला, या विचाराने तिची काय अवस्था झाली असेल, ते कोणत्याही आईला सांगावयास नको.

इकडे भयाने धावत सुटलेला निवृत्ती डोंगरातील एका गुंफेत शिरला. कोणी ती गुंफा ब्रह्मगिरीवरची मानतात, तर कोणी शेजारच्या अंजनी पर्वतावरची. आत श्रीगहिनीनाथ ध्यानस्थ बसलेले होते. भेदरलेल्या त्या बालकाने त्यांचे चरण धरले. नाथांनी त्याला अभय दिले आणि त्याचा अधिकार ओळखून आपल्याजवळचे सर्वस्व त्याच्या ओंजळीत घातले. सात दिवस तो तेथे राहिला, आणि मग आईबापांना येऊन भेटला.

या प्रसंगातील एक मर्म आम्हांस विशेष चिंतनीय वाटते. गहिनीनाथ शैव परंपरेतील योगी, स्थानही साक्षात शिवाचे. तरी निवृत्तीला तेथे जी उपासना लाभली ती श्रीकृष्णाची, हरिनामाची. निवृत्तिनाथांच्या नावे असलेले अभंग कृष्णभक्तीने ओथंबलेले आहेत आणि हे सारे गहिनीनाथांच्या कृपेने मिळाले, अशी कृतज्ञता त्यांत पुनःपुन्हा व्यक्त झाली आहे. शिवाच्या डोंगरावर हरीचे नाव मिळाले. म्हणूनच वारकऱ्याला त्र्यंबक आणि पंढरी ही दोन वेगळी दैवते वाटत नाहीत.

गुंफेतले गुज घरी आले

आता एक साधा विचार करून पाहू. त्या गुंफेत सात दिवस काय घडले, हे पाहावयास तेथे कोणीही तिसरा नव्हता. होते ते गुरू आणि शिष्य. मग ती कथा आपल्यापर्यंत आली कशी? घरी परतलेल्या त्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने आईच्या कुशीत बसून, धाकट्या भावंडांच्या घोळक्यात ती सांगितली असेल, तेव्हाच ना? महाराष्ट्राच्या भक्तिपंथाचा एक मोठा प्रवाह अशा एका घरगुती कथनातून उगम पावला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या भावंडांतील एकाने ते ऐकलेले सारे पुढे जगाला दिले. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांवर अनुग्रह केला. दोन वर्षांनी थोरला असलेला भाऊ गुरू झाला आणि धाकट्याने त्याला जन्मभर गुरूच मानले. शके १२१२ मध्ये, इ. स. १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आपल्या गुरुपरंपरेची हकीकत दिली आहे. क्षीरसागराच्या तीरावर शंकरांनी पार्वतीला सांगितलेले गुज मत्स्येंद्रनाथांना लाभले; त्यांच्याकडून ते गोरक्षनाथांना, त्यांच्याकडून गहिनीनाथांना आणि गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना मिळाले. कलीने गांजलेल्या जीवांची सोडवणूक करण्यासाठी गहिनीनाथांनी हे धन निवृत्तिनाथांच्या हवाली केले, असा त्या निरूपणाचा आशय आहे.

नाशिककरांनी ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट त्याच हकिकतीत आहे. हातपाय तुटलेल्या चौरंगीनाथांना मत्स्येंद्रनाथ भेटले आणि त्यांचे अवयव पूर्ववत झाले, ते स्थळ ज्ञानदेवांनी सप्तशृंग असे नावानिशी सांगितले आहे. आपल्या वणीची सप्तशृंगी ती हीच, असे आपण भाविक मानतो. देवीच्या गडावर जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात आपल्या गडाचे नाव आहे?

तेथे वाघाची कथा मात्र नाही. गुंफेचे वर्णनही नाही. ज्ञानदेवांनी तत्त्व सांगितले, प्रसंग सांगितला नाही. प्रसंग जपला तो संतचरित्रकारांनी, कीर्तनकारांनी आणि घरोघरच्या आज्यांनी. इ. स. १७६२ मध्ये भक्तविजय रचणारे ताहराबादचे महिपती यांच्यासारख्या चरित्रकारांनी ही चरित्रे ओवीबद्ध केली आणि मग ती देवळादेवळांत वाचली जाऊ लागली. तत्त्व कळावयास अधिकार लागतो. वाघाला भिऊन पळालेला मुलगा कोणालाही कळतो, आणि त्याचे बोट धरून भोळा भाविकही गुंफेच्या दारापर्यंत पोहोचतो.

देऊन टाकणारा थोरला

पुढची कथा करुण आहे. शास्त्रीमंडळींनी विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्या उभयतांनी मुलांच्या कल्याणासाठी ते स्वीकारले. चार लेकरे पोरकी झाली. थोरला निवृत्ती हाच आता त्यांचा बाप आणि हाच त्यांची आई. शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पैठणला गेली. तेथे रेड्यामुखी वेद वदल्याची कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर नेवासे झाले. आपेगाव, पैठण, नेवासे ही सारी गोदा-प्रवरेच्या खोऱ्यातील स्थाने आहेत. या भावंडांचे पाऊल जेथे जेथे पडले तेथे तेथे आठवणीचा एक दगड उभा राहिला. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी निरूपण केले असे मानतात, तो खांब आजही भाविक डोळे भरून पाहतात. नुसत्या दगडाला एवढी माया कोणी लावत नाही.

या सर्व काळात निवृत्तिनाथांनी स्वतःकडे काहीही घेतले नाही, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे. गुरूंकडून मिळालेले सर्व त्यांनी धाकट्याला दिले. ज्ञानेश्वरी झाल्यावर, आता गीतेच्या आधाराविना स्वतःचा अनुभव सांगावा, अशी आज्ञा त्यांनी केली आणि अमृतानुभव जन्मास आला. चांगदेवांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला उत्तर लिहिण्याचे कामही त्यांनी ज्ञानदेवांवरच सोपविले. त्यातून पासष्ट ओव्यांची चांगदेवपासष्टी झाली. जगाने माउली म्हटले ते ज्ञानदेवांना. निवृत्तिनाथ मागे उभे राहिले आणि त्यातच त्यांनी समाधान मानले. आपल्या घरांतूनही असे थोरले असतात. स्वतःचे शिक्षण सोडून धाकट्यांना शिकवणारे, वडिलांच्या पश्चात घराचा भार वाहणारे. त्यांची नावे कोठेही कोरली जात नाहीत. त्यांनी निवृत्तिनाथांच्या चरणी आपला भार खुशाल ठेवावा.

सात महिने

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, इ. स. १२९६ साली, आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. हा सोहळा नामदेवरायांनी आपल्या समाधीच्या अभंगांतून सांगितला आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या कथनाची थोरवी अशी, की नामदेव तेथे दुरून पाहणारे नाहीत. ते स्वतः रडणारे आहेत. त्यांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून सारवून घेतली. एका हाताला निवृत्तिनाथ आणि दुसऱ्या हाताला प्रत्यक्ष पांडुरंग, असे ज्ञानदेवांना आसनावर नेऊन बसविले. धाकट्या भावाला आणि शिष्याला आपल्या हाताने समाधीत बसवून शिळा लावण्याचे काम थोरल्याच्या वाट्याला आले. योगियांचा राणा म्हणविणाऱ्या निवृत्तिनाथांचा तेव्हा धीर सुटला, असे नामदेव सांगतात. ज्ञानी पुरुषाच्या डोळ्यांतील ते पाणी नामदेवांनी झाकून ठेवले नाही, म्हणूनच आळंदीचा सोहळा सातशे वर्षांनंतरही आपल्याला आपल्या घरचा वाटतो.

पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला सोपानदेव समाधिस्थ झाले. शके १२१९ च्या वैशाखात तापीकाठी मेहूणच्या परिसरात विजेच्या कल्लोळात मुक्ताबाई अंतर्धान पावली. सात महिन्यांपूर्वी चौघे होते, आता एकटा थोरला उरला. लहानपणी रानात चुकलेला तो होता, पण अखेरीस त्यालाच मागे ठेवून बाकीचे पुढे गेले.

मग निवृत्तिनाथ कोठे गेले? आपेगावास पूर्वजांचे घर होते, आळंदीस भावाची समाधी होती. परंतु ते गेले त्र्यंबकेश्वरास. ज्या डोंगरात त्यांना गुरू भेटले, ज्या वाटेवर आईने त्यांना हाका मारल्या, त्याच डोंगराच्या पायथ्याशी ज्येष्ठ वद्य द्वादशीला, शके १२१९ मध्ये, इ. स. १२९७ साली, त्यांनी समाधी घेतली. वय अवघे चोवीस. नामदेवादी संतमंडळी आणि प्रत्यक्ष पांडुरंग या सोहळ्यासही उपस्थित होते, असे नामदेवांच्या अभंगांत आहे. गोदावरी उगमापासून खाली वाहत गेली. तिच्या काठचा हा बालक प्रवाहाच्या उलट चालत उगमाशी येऊन विसावला.

ज्येष्ठात त्र्यंबकहून निघालेली नाथांची पालखी नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर अशी पंढरीच्या वाटेवर असते. त्र्यंबकचा मोठा यात्रामेळा भरतो तो पौषातल्या एकादशीला. आषाढीला नाथ पंढरीस जातात आणि पौषात भक्त नाथांकडे येतात, असा हा येण्याजाण्याचा क्रम वारकऱ्यांनी जपलेला आहे.

आपण काय सांगणार?

आज त्र्यंबकला मोटारीने पाऊण तासात जाता येते. दर्शनाची रांग, विधी, प्रसाद आणि संध्याकाळी घर. यात गैर काही नाही. पण मुलाबाळांना घेऊन गेलेल्या किती जणांनी ब्रह्मगिरीकडे बोट दाखवून त्यांना सांगितले असेल, की त्या तिथे निवृत्तीदादा चुकला होता? मुलांना ते सांगितले नाही तर त्यांच्यासाठी तो इतर डोंगरांसारखाच एक डोंगर राहील. पावसाळ्यात धबधबे पाहावेत, छायाचित्रे काढावीत आणि परतावे. अलीकडच्या वर्षांत या डोंगराच्या पायथ्याशी होणाऱ्या खोदाईविरुद्ध लोकांना आवाज उठवावा लागला. त्या डोंगराशी आपले काही नाते आहे असे ज्यांना वाटत होते, तेच पुढे आले. आणि हे नाते कायद्याने उत्पन्न होत नाही. ते कोणीतरी, केव्हातरी, मांडीवर घेऊन सांगितलेल्या कथेतून उत्पन्न होते.

म्हणून आमची घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. यंदा त्र्यंबकला जाल तेव्हा दर्शन झाल्यावर घटकाभर कुशावर्ताच्या पायरीवर बसा आणि नातवंडांना ही कथा सांगा. तिच्या शेजारी आपलीही एखादी आठवण ठेवा. आपले आजोबा कोणत्या दिंडीबरोबर पायी येत, आईने प्रदक्षिणेत कोठे विसावा घेतला होता, कोणत्या साली पाऊस कोसळत असताना अनोळखी माणसाने आपल्याला हात दिला होता, हे सांगा. संतांचे चरित्र आणि घरातली आठवण एका वाटेवर भेटली, की ती वाट मुले जन्मभर विसरत नाहीत. पुढे ती मोठी होतील, दूरदेशी जातील; पण गोदावरीचे नाव ऐकले की त्यांच्या डोळ्यांपुढे ती पायरी उभी राहील.

ज्यांना यंदा त्र्यंबकला जाणे घडणार नाही, त्यांनी एकादशीच्या दिवशी देवापाशी दिवा लावावा, निवृत्तिनाथांचा हरिपाठ म्हणावा आणि भोवती बसलेल्या लेकरांना त्या रात्रीची गोष्ट सांगावी. वाघाची भीती, आईची व्याकुळता, गुंफेतला तो शांत योगी आणि सातव्या दिवशी परत आलेला मुलगा. लेकरांनी पुढे काय झाले असे विचारले, की समजावे, नाथांची यात्रा आपल्या घरी पोहोचली.

मिळालेले सर्व देऊन टाकणाऱ्या त्या थोरल्या भावाच्या चरणी, श्रीसद्गुरू निवृत्तिनाथ महाराजांच्या चरणी, आमचे सर्वांचे शतशः दंडवत.